गवताचा पूल, गोठविलेला बटाटा आणि गाठींची वही

आमच्या वर्गातील काही उत्साही मुलांनी एक जाड वही केली होती. जगातील चमत्कारिक इमारती, वस्तू व खाद्यपदार्थ ह्यांची चित्रे वर्तमानपत्रांतून कापून तीत चिकटवावयाची आणि प्रत्येक चित्राखाली एखादी गमतीची ओळ लिहावयाची, असा त्यांचा क्रम असे. एके दिवशी मधल्या सुट्टीत ती वही पाहण्यास मुले जमली असता, वसतिगृहात नव्यानेच आलेल्या एका मुलाने गावाहून आणलेल्या सुकटीच्या चटणीचा डबा उघडला. वास सुटताच कोणी नाक धरिले, कोणी तोंड फिरविले. "ह्याचेही चित्र वहीत चिकटवा!" असे एक विनोदी मुलगा म्हणाला आणि सारा वर्ग हसला. आम्ही दारात उभे होतो. खरे सांगावयाचे तर आम्हांसही हसू आवरले नाही. त्या मुलाने काही न बोलता डबा बंद केला. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हांस एवढेच विचारिले, "सर, पावसाळ्यात होड्या समुद्रात जात नाहीत, तेव्हा आम्ही काय खावयाचे?"

त्या प्रश्नाने आम्ही खजील झालो. एखादी रीत पाहून 'हे कसे विचित्र!' असे म्हणण्यापूर्वी 'ह्यांनी असे का केले असावे?' हा प्रश्न विचारावयाचा असतो, ही गोष्ट शिकविणाऱ्यांस त्या दिवशी शिकणाऱ्याने शिकविली. तेव्हा त्याच वहीतील तीन चित्रे घेऊन आज हा प्रश्न विचारून पाहू. योगायोगाने तिन्ही चित्रे एकाच प्रदेशातील आहेत.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेने अँडीज पर्वताची प्रचंड रांग पसरलेली आहे. तेथे पंधराव्या शतकात इंका लोकांचे विशाल साम्राज्य उदयास आले. त्यांस लोखंड ठाऊक नव्हते, घोडा ठाऊक नव्हता, आणि चाकाची गाडी ते वापरीत नसत. ओझी वाहावयास लामा नावाचा उंटाच्या कुळातील लहानसा प्राणी व माणसाची पाठ, एवढीच साधने. तथापि त्यांच्या रस्त्यांचे जाळे ३०,००० किलोमीटरांहून अधिक लांबीचे होते. इ. स. १५३२ मध्ये स्पॅनिश लोक तेथे येऊन थडकले आणि थोड्याच वर्षांत ते राज्य लयास गेले; परंतु त्या लोकांचे वंशज व त्यांच्या काही रीती आजही जिवंत आहेत.

१. गवताचा पूल

पहिले चित्र पुलाचे. त्याखाली मुलांनी लिहिले होते, 'गाईने खाल्ला तर?' पेरू देशातील कुस्को प्रांतात आपुरिमाक नदीच्या खोल घळीवर केस्वाचाका नावाचा झुलता पूल आहे. त्याची लांबी सुमारे २८ मीटर असून तो सर्वस्वी गवताचा आहे. दरवर्षी जून महिन्यात आसपासच्या चार गावांचे लोक जमतात, जुना पूल कापून नदीत सोडून देतात आणि त्याच जागी नवा बांधितात.

हे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. घरोघरी डोंगरावरील चिवट गवत कापून, भिजवून, कुटून त्याच्या बारीक दोऱ्या वळितात. प्रत्येक कुटुंबाने आपल्या वाट्याची दोरी आणून द्यावयाची असा नियम आहे. ह्या दोऱ्या एकत्र पिळून जाड दोर, व जाड दोरांचे पेड घालून मांडीएवढे सोल तयार होतात. चार सोल पायांखाली, दोन हातांशी धरावयास. घळीच्या दोन्ही काठांवर त्यांस ताण देऊन बांधिले, की पूल बांधणारे कारागीर दोन्हीकडून दोरांवर बसून, कठड्याची जाळी विणीत विणीत मध्यावर येऊन भेटतात. तीन दिवसांत पूल तयार होतो व चौथ्या दिवशी उत्सव होतो.

आता विचारू, गवतच का? त्या उंचीवर मोठी झाडे उगवत नाहीत, लोखंड नव्हते, आणि खोल घळीतील वेगवान प्रवाहात खांब कोठे रोवावयाचा? विपुल होते ते केवळ गवत. गवताची एक काडी लहान मूलही तोडील. परंतु हजारो काड्या पिळून एक केल्या म्हणजे त्या माणसांचे व लामांचे ओझे पेलतात. तो पूल वर्षाने कुजतो हे खरेच. आपल्या कोकणातही ओढ्यावरचा लाकडी साकव पावसाळ्यामागून पुन्हा घालावा लागे. परंतु जे दरवर्षी नव्याने बांधावे लागते ते दरवर्षी नव्याने शिकलेही जाते. बापाच्या शेजारी बसून मुलगा दोर वळावयास शिकतो. म्हणूनच पाच शतकांनंतरही ती विद्या जिवंत आहे. इ. स. २०१३ मध्ये युनेस्कोने ह्या परंपरेस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. इ. स. २०२० मध्ये महामारीमुळे लोकांस एकत्र जमता आले नाही, पूल नवा झाला नाही, आणि मार्च २०२१ मध्ये तो तुटून पडला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये गावकरी पुन्हा जमले व पूल पुन्हा उभा राहिला. दोर गवताचा असला तरी पूल पेलतो तो गावाच्या एकीवर, हे ह्या घटनेने स्पष्ट दिसून आले.

२. गोठविलेला बटाटा

दुसरे चित्र काळ्या खड्यांसारख्या पदार्थाचे. त्याखाली ओळ होती, 'पायांनी तुडविलेले जेवण!' ह्या पदार्थास चुन्यो म्हणतात आणि तो बटाट्यापासून करितात.

पेरू व बोलिव्हिया ह्यांच्या उंच पठारावर जून-जुलै महिन्यांत कडाक्याची थंडी पडते. रात्री पाणी गोठते, दिवसा प्रखर ऊन पडते. त्या दिवसांत शेतकरी लहान बटाटे उघड्या जमिनीवर पसरून ठेवितात. रात्री ते गोठतात, दिवसा वितळतात. असे काही दिवस झाले म्हणजे बटाटा भुसभुशीत होतो. मग घरची माणसे अनवाणी पायांनी ते हलक्या हाताने, किंबहुना हलक्या पायाने, तुडवितात. त्यामुळे आतील पाणी निघून जाते व साल सुटते. शेवटी उन्हात खडखडीत वाळविले, की मूळच्या वजनाचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. हा चुन्यो वर्षानुवर्षे टिकतो. पांढऱ्या जातीचा चुन्यो करावयाचा असल्यास गोठलेले बटाटे वाहत्या पाण्यात कित्येक दिवस बुडवून ठेवितात.

ह्यात युक्ती दुहेरी आहे. त्या थंडीत टिकाव धरणारे काही बटाटे कडू व विषारी असतात. गोठविणे, पिळणे व धुणे ह्यांनी तो दोष निघून जातो. शिवाय जेथे गारपीट व दुष्काळ ह्यांचा नेम नाही, तेथे भरलेले कोठार म्हणजेच जीवित. आपल्या घरी चैत्र-वैशाखात कुरडया, पापड व सांडगे ह्यांचे वाळवण घालितात, त्यामागील विचार ह्याहून वेगळा आहे काय? आपणांस ऊन मिळाले, त्यांस ऊन व हिंव दोन्ही मिळाले. दोघांनीही मिळाले ते कामास लाविले.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. बटाटा मूळचा ह्याच अँडीजमधला. तो समुद्र ओलांडून युरोपात गेला व तेथून आपल्याकडे आला. 'बटाटा' हा शब्दही आपणांस पोर्तुगीजांकडून मिळालेला आहे. मिरची व भुईमूग हेही अमेरिका खंडांतूनच आले. म्हणजे उपवासाच्या दिवशी ज्या घरात परके अन्न शिवत नाहीत, त्याही घरात बटाटा, मिरची व शेंगदाण्याचे कूट हे दूरदेशचे पाहुणे पानात मानाने बसलेले असतात! पहिल्या दिवशी तेही कोणास तरी विचित्र वाटले असतील.

३. गाठींची वही

तिसरे चित्र एका जाड दोरीस लोंबणाऱ्या शेकडो रंगीत दोऱ्यांचे. मुलांस तो झालरीचा पडदा वाटला. वस्तुतः तो हिशेब आहे. त्यास किपू म्हणतात. इंका लोकांस आपल्यासारखी अक्षरे नव्हती. जनगणना, करभार, कोठारातील धान्य ह्यांची नोंद ते सुती अथवा लोकरी दोऱ्यांस गाठी मारून ठेवीत. ही विद्या जाणणारे स्वतंत्र अधिकारी असत.

ह्या गाठींतील अंकांचे रहस्य लेलंड लॉक ह्या अमेरिकन अभ्यासकाने इ. स. १९१२ मध्ये उलगडून दाखविले. दोरीच्या खालच्या टोकाशी एकम्, त्याच्या वर दहम्, त्याच्या वर शतम्, अशी स्थाने ठरलेली असतात. आणि जेथे गाठ नाही ती जागा म्हणजे शून्य. दशमान पद्धती व शून्य ह्यांचा आपण भारतीयांस रास्त अभिमान आहे. जिचे नावही आपल्या पूर्वजांच्या कानी नव्हते अशा एका जातीने तीच गोष्ट बोटांनी चाचपून वाचली, हे ऐकून आपला अभिमान कमी होऊ नये, आनंद दुणावा.

आता जे लिहावयाचे ते लिहिताना आमची लेखणी अडखळते, कारण आम्ही ख्रिस्ती आहो. परंतु सत्य सांगितलेच पाहिजे. इ. स. १५८३ मध्ये लिमा शहरी भरलेल्या धर्मसभेने किपूंत मूर्तिपूजेच्या जुन्या विधींच्या नोंदी आहेत असे मानून ते नष्ट करण्याची आज्ञा दिली. न वाचता येणारी वही जाळावयास सोपी असते. आज जगात किपू उरले आहेत ते हजाराहून थोडे अधिक, आणि त्यांतील अंक कळले तरी ज्या किपूंत अंकांपलीकडचे काही असावे असे वाटते ते अद्यापि मुकेच आहेत.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. हार्वर्ड विद्यापीठातील मॅनी मेड्रानो नावाचा विद्यार्थी पदवी मिळण्यापूर्वीच ह्या कामास लागला. पेरूमधील सांता खोऱ्यातील सहा किपू व त्याच खोऱ्यातील इ. स. १६७० ची स्पॅनिश करनोंद ही दोन्ही ताडून पाहता, एक दुसऱ्याशी जुळते असे त्यास आढळले. त्याने व त्याचे प्राध्यापक गॅरी अर्टन ह्यांनी हे संशोधन इ. स. २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. जो तरुण हसण्याऐवजी विचारीत बसला, त्याच्याशी त्या दोऱ्या थोड्याशा बोलल्या.

विद्यार्थिमित्रहो, त्या वहीचे पुढे काय झाले ते सांगून लेख पुरा करू. मुलांनी आपण होऊन गमतीच्या ओळी खोडल्या व प्रत्येक चित्राखाली 'का?' एवढाच शब्द लिहिला. पुढल्या शनिवारी त्या किनाऱ्यावरच्या मुलाने, उन्हाळ्यात वाळूवर सुकट कशी वाळवितात, पावसाळ्यासाठी ती कशी भरून ठेवितात, हे फळ्यासमोर उभे राहून सांगितले. त्याचा आवाज प्रथम कापत होता, मग स्थिर झाला. त्या दिवशी दुपारी त्याचा डबा रिकामा परत गेला. त्यातील दोन घास आमच्या वाट्यासही आले.

ह्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या आजीस अथवा गावातील एखाद्या म्हाताऱ्या माणसास एक गोष्ट विचारून यावी: आपल्या घरची जी रीत इतरांस चमत्कारिक वाटते ती कोणत्या गरजेतून निघाली? उत्तर वहीत लिहावे. आणि वही जवळ नसल्यास, त्या गाठी बांधणाऱ्यांचे स्मरण करून मनाशी खूणगाठ बांधावी.