शंखाचें वळण

शेगांवाहून समुद्र शेंकडों मैल दूर. तरी समुद्रांतील एका प्राण्याचें रिकामें घर आमच्या गांवीं कित्येक देव्हाऱ्यांत आढळतें. आम्ही शंखाविषयीं बोलत आहों. शंख हें एका सागरी गोगलगाईचें कवच होय, हें पुष्कळांस ठाऊक असतें; परंतु ती गोगलगाय जन्मते कशी, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

आमच्या वर्गांत हा प्रश्न निघाला तो एका विद्यार्थ्यामुळें. त्याच्या वडिलांनीं एका जत्रेंत भारी किंमत देऊन दक्षिणावर्ती शंख घेतला होता, आणि "खरा कीं खोटा, हें मास्तरांस विचारून ये," असें मुलास सांगितलें होतें. आम्ही ख्रिस्ती, पूजेविषयीं मत देणें आम्हांस शोभलें नसतें. कवचाविषयीं मत देणें मात्र आमचें कामच होतें.

प्रथम नांवांचा घोटाळा दूर करूं. वेटोळ्यांचा शेंडा वर व तोंड आपल्याकडे करून सामान्य शंख धरिला, तर त्याचें तोंड उजव्या हातास येतें. म्हणून प्राणिशास्त्रज्ञ त्यास उजवा म्हणतात. आपल्याकडे शेंडा खालीं धरून पाहण्याची रीत आहे. तेव्हां तेंच तोंड डावीकडे जातें व तो शंख वामावर्ती ठरतो. अर्थात् आपला दक्षिणावर्ती तो शास्त्रज्ञांचा डावा. घरीं करून पाहावें.

हा प्राणी मन्नारच्या आखातांत, पाल्कच्या सामुद्रधुनींत व काठेवाडच्या किनाऱ्यास वाळूच्या तळावर राहतो. जेम्स हॉर्नेल ह्यांनीं १९१४ सालीं त्यावर एक स्वतंत्र ग्रंथच मद्रासहून प्रसिद्ध केला. मादी जो अंडकोश घालते तो मेंढ्याच्या शिंगासारखा वळ्यावळ्यांचा असून त्याचें बूड वाळूंत रुतलेलें असतें. आंत एकावर एक कप्पे असतात. बहुतेक सागरी गोगलगाईंचीं पिलें प्रथम सूक्ष्म केंसांच्या झालरीनें पोहतात आणि कांहीं दिवस, कधीं कांहीं आठवडे, प्रवाहाबरोबर वाहत जातात. शंखाचें तसें नाहीं. त्याचें पिलूं कोशांतून बाहेर पडतें तें चिमुकलें कवच पाठीवर घेऊन, सरपटतच.

आणि त्या कवचाचें वळण? तें कवच बनण्याच्या पुष्कळ आधीं ठरलेलें असतें. अंड्याच्या एका पेशीच्या दोन होतात, दोहोंच्या चार. मग त्या चारींवर चार लहान पेशी तिरप्या बसतात. तो तिरपेपणा ज्या दिशेचा, त्या दिशेचें वळण. गोड्या पाण्यांतील एका गोगलगाईच्या आठ पेशींच्या गर्भास बारीक काचकांडीनें ढकलून जपानांतील कुरोडा बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००९ सालीं उजव्याचें डावें व डाव्याचें उजवें करून दाखविलें. त्याहून नवलाची गोष्ट इंग्लंडांत बॉयकॉट व डायव्हर ह्यांच्या प्रयोगांतून १९२३ सालीं पुढें आली, आणि त्याच वर्षीं अमेरिकेच्या स्टर्टेव्हंट ह्यांनीं तिचा उलगडा केला. अशा गोगलगाईंत पिलाचें वळण पिलाच्या स्वतःच्या आनुवंशिक गुणांनीं ठरत नाहीं, आईच्या गुणांनीं ठरतें. कारण अंड्यांतील द्रव्य आईनें घडविलेलें असतें. त्यामुळें आई दिसावयास डावी आणि पिलें झाडून सारीं उजवीं, असेंहि घडतें.

पिलें पोहतात कीं सरपटतात, ह्याचा परिणाम मात्र सबंध वस्तीवर होतो. युरोपच्या खडकांवर लिटोरिना नांवाच्या गोगलगाईच्या दोन जाती शेजारीं नांदतात. एकीचीं अंडीं पाण्यांत तरंगतात. दुसरी जिवंत पिलांस जन्म देते. पहिलीचे आनुवंशिक गुण दूरदूरच्या किनाऱ्यांवरहि बहुतेक सारखे आढळतात. दुसरीचे जवळच्या किनाऱ्यांवरहि भिन्न असतात. शंख ह्या दुसऱ्या पंक्तींतला. म्हणून एखाद्या ठिकाणचे शंख बेसुमार काढले, तर बाहेरून पिलें वाहत येऊन ती जागा सहजासहजीं भरून निघत नाहीं.

डावें वळण सर्वच जातींत दुर्मिळ असतें असें मात्र नव्हे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनीं गेल्याच्या मागील शतकांत विदर्भांतील काळ्या पाषाणाच्या थरांमधून ज्या फायसा गोगलगाई गोळा केल्या, त्या जातीच्याच डाव्या. आमच्या विद्यार्थ्याच्या शंखाचें रहस्यहि येथेंच होतें. वळण खरोखर डावें होतें. पण आंत बोट घातलें तर मधला खांब गुळगुळीत लागला. खऱ्या शंखाच्या त्या खांबावर तीन-चार स्पष्ट कंगोरे असतात. ती होती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एक निराळी गोगलगाय, जिची सारी जातच डाव्या वळणाची आहे. तिकडे तिचें कांहीं अप्रूप नाहीं.

विकणारा जत्रेबरोबर निघून गेला होता. पैसे परत मिळाले नाहींत. वडिलांनीं तें कवच शाळेस दिलें. प्रयोगशाळेच्या कपाटांत तें आतां एका सामान्य शंखाशेजारीं ठेविलें आहे. ज्या पालकांस अशी खरेदी करावयाची असेल, त्यांनीं आधीं येऊन दोहोंत बोट घालून पाहावें.