जे नंतर बदलता येत नाही, ते आधी तपासा

गूगल आणि अ‍ॅपल या दोघांच्या कुंपणाबाहेरचा फोन घ्यावा असं ज्यांना वाटतं, ते बहुतेक वेळा सुरुवात ऑपरेटिंग सिस्टिमपासून करतात. उबंटू टच घ्यावं, सेलफिश घ्यावं, की गूगलच्या सेवा काढून टाकलेलं अँड्रॉइड? पर्यायी फोनांच्या वापरातून माझं मत पक्कं झालं आहे की ही सुरुवात उलटी आहे. सॉफ्टवेअर आज पटलं नाही तर उद्या दुसरं घालता येतं. पण मोडेम कोणते बँड पकडतो, चिपसाठी ड्रायव्हर किती वर्षं मिळणार, कोणती प्रणाली सुरू होऊ द्यायची ते ठरवणाऱ्या बूटलोडरचं कुलूप मालकाच्या हाती आहे का, बॅटरी निघते का, हे सगळं फोन कारखान्यातून बाहेर पडतानाच ठरलेलं असतं. घराचा रंग पुढे केव्हाही बदलता येतो, विहिरीची जागा बदलता येत नाही. म्हणून पर्यायी फोन घेणाऱ्याने हार्डवेअर आधी पाहावं, आणि त्यातही जे आपल्याला नंतर दुरुस्त करता येणार नाही ते सर्वांत आधी.

या क्रमात पहिला मान मोडेमचा. पर्यायी फोनांच्या चर्चेत त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं, आणि फोन कपाटात जाऊन पडतो तो बहुधा त्याच्याचमुळे. जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये सेवा सुरू केली ती थेट ४जीवर. तिच्याकडे २जी किंवा ३जीचं जाळंच नाही. त्यामुळे ४जीवरून कॉल जोडणारी व्होल्टे सोय ज्या फोनात चालत नाही, त्यात जिओचं सिम घातलं तर इंटरनेट मिळेल, पण नेहमीसारखा कॉल लागणार नाही. मोडेमच्या माहितीपत्रकात व्होल्टे लिहिलेलं असणंही पुरेसं नसतं. त्या मोबाइल कंपनीसाठीची मांडणी मोडेममध्ये असावी लागते आणि कंपनीनेही तो फोन स्वीकारावा लागतो. बँडचंही तसंच. भारतात ४जीसाठी ३, ५, ८, ४० आणि ४१ हे बँड महत्त्वाचे आहेत, बीएसएनएलसाठी २८ आणि १ सुद्धा. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झचे खालचे बँड लांब पोहोचतात आणि भिंतीतून आत शिरतात. कोकणातल्या डोंगरकुशीतल्या वाडीत किंवा जाड भिंतींच्या जुन्या घरात रेंज टिकते ती त्यांच्याच जोरावर. परदेशातल्या नातेवाइकांकडून फोन मागवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण एकाच नावाच्या फोनचे अमेरिकेसाठी आणि युरोपसाठी वेगळे प्रकार असतात. यूपीआयची नोंदणीही फोनमधल्या सिमवरून एसएमएस पाठवूनच होते, म्हणजे मोडेम अडखळला की पैशांचा व्यवहारही अडतो.

दुसरी गोष्ट चिप. तिच्या वेगाकडे नंतर पाहा, आयुष्याकडे आधी. फोन जुना होतो तो बहुतेकदा यामुळे, की चिप बनवणारी कंपनी ड्रायव्हर देणं थांबवते आणि मग फोन बनवणाऱ्याचे हात बांधले जातात. नेदरलँड्समधल्या फेअरफोन कंपनीचा इतिहास इथे बोलका आहे. २०१५ च्या अखेरीस आलेल्या फेअरफोन २ मधल्या चिपला क्वालकॉमने नव्या अँड्रॉइडसाठी साथ देणं थांबवलं, तरी कंपनीने स्वतः खटपट करून तो फोन अँड्रॉइड १० पर्यंत नेला आणि मार्च २०२३ पर्यंत सांभाळला. त्यातून घेतलेला धडा फेअरफोन ५ मध्ये दिसतो. २०२३ च्या या फोनमध्ये मुद्दाम औद्योगिक यंत्रांसाठीची क्वालकॉमची चिप बसवली, कारण तिला दीर्घकाळ साथ मिळते; २०३१ पर्यंत सुरक्षेचे अपडेट देण्याचं वचन कंपनी त्या बळावर देऊ शकली. लिनक्सवर चालणाऱ्या पाइनफोनने वेगळी वाट धरली. त्याची ऑलविनर ए६४ चिप मंद आहे, पण मूळ लिनक्समध्ये तिला चांगला आधार आहे, म्हणून कितीतरी लिनक्स प्रणाली त्यावर चालतात आणि मेमरी कार्डवरूनही सुरू करता येतात.

चिपला लागूनच बूटलोडरचा प्रश्न येतो. कुलूप उघडता यावं एवढंच पुरेसं नाही. दुसरी प्रणाली घातल्यावर ते पुन्हा लावता आलं पाहिजे, नाहीतर फोन कुणाच्या हाती पडला तर ती व्यक्ती त्यातली प्रणाली सहज बदलून टाकू शकेल. गूगलपासून दूर जाण्यासाठी ग्राफीनओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली प्रणाली वापरणारे गूगलचाच पिक्सेल घेतात, यात अनेकांना विसंगती दिसते. पण माझ्या युक्तिवादाचा तो सर्वांत चांगला पुरावा आहे. त्या प्रकल्पाने नावाकडे न पाहता हार्डवेअर पाहिलं: कुलूप उघडून पुन्हा लावण्याची सोय, सुरक्षेची वेगळी चिप आणि पिक्सेल ८ पासून सात वर्षांचे अपडेट. मात्र मोबाइल कंपनीमार्फत विकलेल्या काही पिक्सेलचं कुलूप उघडतच नाही, तेव्हा वापरलेला फोन घेताना हे समोर उघडून पाहावं.

तिसरी गोष्ट बॅटरी आणि सुटे भाग. बॅटरी झिजणार हे ठरलेलंच आहे, मग ती डकवून टाकायची कशासाठी? पाण्यापासून बचाव हवा तर फोन बंदिस्तच लागतो, असं उत्तर मिळतं. ते खरं नाही. २०१४ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस५ ची बॅटरी नखाने काढता येत होती आणि त्याला पाणी-धूळ रोखण्याचं आयपी६७ मानांकन होतं. सॅमसंगच्याच २०२२ च्या एक्सकव्हर६ प्रो मध्ये आयपी६८ सह तीच सोय आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतल्या बॅटऱ्या, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला स्वतः बदलता आल्या पाहिजेत. हेडफोनच्या जॅकचाही मी आग्रह धरते. तारेचा हेडफोन एफएम रेडिओची अँटेना होतो, आणि वादळात टॉवर बंद पडले की रेडिओच कामाला येतो.

मायक्रोफोन, कॅमेरा आणि मोडेमची वीज तोडणारे खटके मी मुद्दाम शेवटी ठेवते, जरी जाहिरात त्यांचीच जास्त होते. लिब्रेम ५ या लिनक्स फोनला बाहेरच्या बाजूला असे तीन खटके आहेत आणि तिन्ही बंद केले की जीपीएस आणि इतर सेन्सरही थांबतात. पाइनफोनचे बारीक खटके मागच्या झाकणाखाली आहेत, त्यामुळे रोजच्या वापरात ते अवघड पडतात. अँड्रॉइड १२ पासून कॅमेरा-माइक बंद करण्याचं बटण आहेच, मग खटका कशाला, असं कुणी विचारेल. फरक विश्वासाचा आहे. ते बटण सॉफ्टवेअरचं ऐकतं, आणि सॉफ्टवेअरच बिघडलं असेल तर ते निरर्थक ठरतं. तुटलेली वीज कुणाचंच ऐकत नाही. पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. पण ज्या फोनवरून कॉलच लागत नाही, त्याच्या मोडेमचा खटका काय कामाचा?

एवढं करून पर्यायी फोन महाग किंवा मंदच मिळतो, आणि बँकांची काही अ‍ॅप त्यावर चालत नाहीत, हा आक्षेप उरतो. तो खरा आहे. ज्यांचा व्यवसायच यूपीआयवर चालतो त्यांनी जुना फोन हाताशी ठेवूनच हा बदल करावा. पण किंमत वर्षांवर भागून पाहिली, तर सात वर्षं टिकणारा फोन दर दोन वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या स्वस्त फोनापेक्षा महाग पडेलच असं नाही. तेव्हा पैसे देण्यापूर्वी त्या नेमक्या मॉडेलचे बँड आपल्या कंपनीच्या बँडशी ताडून पाहा. तेच सिम, तोच फोन वापरणाऱ्या कुणालातरी विचारा: येणारे-जाणारे कॉल आणि ओटीपी नीट चालतात का? अपडेटची शेवटची तारीख लेखी पाहा, कुलूप उघडून पुन्हा लागतं का ते तपासा, आणि बॅटरी व चार्जिंग पोर्ट भारतात मिळतात का याची खात्री करा. यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर संदिग्ध असेल तर तो फोन घेऊ नका. ऑपरेटिंग सिस्टिम निवडायला नंतर भरपूर वेळ असतो.