श्वानाचा गुडघा आणि धातूची पट्टी

चार पायांच्या जनावराचा गुडघा कोठे असतो, असे विचारले तर बहुतेक लोक पुढच्या पायाकडे बोट दाखवतील. बैल उठताना गुडघे टेकतो, असे सर्रास म्हटले जाते. पण तो जो सांधा टेकतो तो शरीररचनेच्या दृष्टीने त्याचे मनगट होय. खरा गुडघा मागच्या पायात, पोटाच्या कडेला, कातडीच्या घडीआड दडलेला असतो. कुत्र्याच्या मागच्या पायाला येणाऱ्या लंगडेपणाचे एक प्रमुख कारण याच सांध्यात सापडते.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत दोन अस्थिबंध जखडून ठेवतात. हे अस्थिबंध फुलीच्या आकारात एकमेकांना छेदतात. त्यांपैकी पुढचा बंध कुत्र्यांमध्ये वारंवार तुटतो. मैदानावर खेळाडूचा गुडघा एका झटक्यात दुखावतो, तसे येथे सहसा घडत नाही. बंधाचे तंतू हळूहळू झिजत जातात आणि एखाद्या दिवशी साधी उडी मारण्याचे निमित्त पुरते. मग कुत्रा पाय उचलून तीन पायांवर चालू लागतो. सांध्यातील कूर्चेची अर्धचंद्राकृती गादी चेंगरते, सांध्याला सूज येते आणि पुढे संधिवात कायमचा मुक्कामाला येतो.

हा बंध पुन्हा शिवून किंवा त्याच्या जागी दुसरा धागा ओवून काम भागवावे, असा जुना विचार होता. लहान कुत्र्यांत तो पुष्कळदा यशस्वीही होतो. परंतु अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या यूजीन येथील पशुशल्यचिकित्सक डॉ. बार्कले स्लोकम यांनी प्रश्नच निराळ्या रीतीने मांडला. नडगीच्या हाडाचा माथा सपाट नसतो. कुत्र्यात तो मागच्या बाजूला बहुधा २२ ते २६ अंशांनी उतरता असतो. कुत्र्याने पायावर भार दिला की मांडीचे हाड या उतारावरून मागे घसरू पाहते आणि नडगी पुढे ढकलली जाते. उतारावर उभी केलेली भरली गाडी एका दोराने अडवून धरावी, तसे त्या बंधाचे काम असते. दोर तुटला तर नवा दोर आणावा, की गाडीखालची जमीनच सपाट करावी? स्लोकम यांनी दुसरा मार्ग धरला. या पुढे ढकलणाऱ्या जोराचे विवेचन १९८३ मध्ये आणि हाडाची पाचर काढून उतार कमी करण्याची पद्धत १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९३ मध्ये आज रूढ असलेली शस्त्रक्रिया मांडली गेली. तिच्यात हाडाचा माथा अर्धवर्तुळाकार करवतीने कापून फिरवतात आणि उतार सुमारे ५ अंशांवर आणतात.

माथा फिरवला, की तो तेथेच राहिला पाहिजे. येथे पट्टीचे काम सुरू होते.

प्रथम मापाचा विचार करावा लागतो. समजा, उतार २५ अंश आहे आणि करवतीची त्रिज्या २४ मिलिमीटर आहे. उतार ५ अंशांवर आणण्यासाठी माथा २० अंश फिरवला, तर कापलेल्या कडेवरील खूण सुमारे ८.३ मिलिमीटर सरकते. म्हणजे एका मिलिमीटरची चूक जवळजवळ अडीच अंशांची ठरते. माथा कमी फिरवला तर मूळचा दोष शिल्लक राहतो. जास्त फिरवला तर मागच्या अस्थिबंधावर ताण येतो. साधी पट्टी स्क्रूने आवळली की ती हाडावर दाबली जाते आणि तिचा वळसा हाडाशी तंतोतंत जुळत नसेल, तर हाडाचा तुकडाच पट्टीकडे ओढला जातो. शस्त्रवैद्याने काळजीपूर्वक साधलेले अंश या शेवटच्या आवळणीत बिघडू शकतात. म्हणून पुढे अशा पट्ट्या आल्या की ज्यांत स्क्रूच्या डोक्याला आटे असतात आणि ते पट्टीच्या भोकातील आट्यांत घट्ट बसते. अशी पट्टी हाडाला न दाबताही त्याला धरून ठेवते. शिवाय भोकांची दिशा आधीच ठरवलेली असल्याने स्क्रू सांध्यात किंवा कापाच्या रेषेत घुसण्याचा धोका कमी होतो.

पट्टी बसते नडगीच्या आतल्या बाजूला. तेथे स्नायूंचे आवरण थोडे असते, हाड हाताला सहज लागते. सोय आहे तशी अडचणही आहे, कारण जाड पट्टी लगेच कातडीखाली टोचू लागते. वरचा तुकडा लहान असल्याने तीन स्क्रू दाटीने बसवावे लागतात, म्हणूनच पट्टीचे वरचे टोक रुंद आणि खालचा दांडा अरुंद ठेवतात. दांड्यातील काही भोकांची कड उतरती असते. स्क्रू आवळताना त्याचे डोके या उतारावरून घसरते आणि हाडाचे दोन तुकडे एकमेकांवर दाबले जातात. ही युक्ती माणसांच्या अस्थिशल्यचिकित्सेतून आलेली आहे. तुकडे असे घट्ट भिडले की भाराचा मोठा वाटा हाडच उचलते आणि पट्टीचे आयुष्य वाढते.

पट्टी जाड केली म्हणजे प्रश्न सुटला, असे वाटणे स्वाभाविक आहे. जाडी दुप्पट केली तर वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. परंतु सगळा भार पट्टीनेच उचलला तर तिच्याखालचे हाड आळशी बनून विरळ होते. उलट पट्टी पातळ ठेवली तर प्रत्येक पावलागणिक ती किंचित वाकते. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तोच हा धातूचा शिणवटा. आणि तो बहुधा स्क्रूच्या भोकापाशी, जेथे धातू सर्वांत कमी असतो, तेथून सुरू होतो. स्क्रूचीही मर्यादा आहे. भोकाचा व्यास हाडाच्या व्यासाच्या सुमारे ४० टक्क्यांपेक्षा जास्त झाला तर हाडच दुबळे होते. त्यामुळे मोठ्या कुत्र्यांसाठी ३.५ मिलिमीटरचे स्क्रू, तर लहानांसाठी २.७, २.४ किंवा २ मिलिमीटरचे, असे वेगवेगळे संच करावे लागतात. एकच पट्टी सर्वांना चालत नाही.

धातू म्हणून ३१६ एल या जातीचे अगंज पोलाद पुष्कळ वापरले जाते. त्यात क्रोमियम, निकेल व मॉलिब्डेनम असून कार्बन ०.०३ टक्क्यांहून अधिक नसतो. कार्बन वाढला तर तो क्रोमियमला बांधून घेतो आणि गंजाला वाट मिळते. शरीरातील खारट द्रवात हा फरक क्षुल्लक नाही. स्लोकम यांची मूळ पट्टी ओतीव होती. ओतीव पोलादाची अंतर्रचना घडीव पोलादाइतकी एकजीव नसते, हा मुद्दा २००६ मध्ये धातुपरीक्षणातून पुढे आला आणि नंतरच्या पट्ट्या घडीव पोलादापासून करण्याकडे कल वाढला. टायटॅनियम अधिक लवचीक असून गंजाला चांगला टिकतो. मात्र एका धातूच्या पट्टीत दुसऱ्या धातूचे स्क्रू घालणे टाळतात.

या साऱ्या हिशोबात रुग्ण हा सर्वांत बेभरवशाचा घटक होय. माणसाला कुबड्या देता येतात, पाय टेकू नको असे बजावता येते. कुत्रा दुसऱ्याच दिवशी पाय टेकतो आणि दारावरची घंटा वाजली की धावत सुटतो. म्हणून दोरीला बांधून थोडे थोडे चालवणे, जिने व उड्या बंद ठेवणे, ही पथ्ये मालकालाच पाळावी लागतात. साधारणपणे ८ आठवड्यांनी क्ष-किरण छायाचित्र काढून हाड सांधले आहे की नाही ते पाहतात. सांधले असेल तर पट्टीचे काम संपलेले असते. तरीही जंतुसंसर्ग झाला किंवा स्क्रू ढिला पडला, तरच ती काढतात. एरवी ती जन्मभर तेथेच राहते.