पोर्शन, पन्नास मुले आणि एक पिपाणी

प्रश्न : मी पुण्यातील एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. वर्गात 50 मुले आहेत. 'मुलांना स्वतः शिकू द्या' असे प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. मग पोर्शन संपवायचा कसा?

उत्तर : ताई, अख्खे वर्ष बदलायला जाऊ नका. ध्वनीचा एकच पाठ घ्या. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात टाकाऊतून कितीतरी खेळणी घडवली. त्यांतली स्ट्रॉची पिपाणी करा. नळीचे एक टोक चपटे करून कात्रीने टोकदार कापायचे, ओठांत धरून जोरात फुंकायचे. पण त्याआधी विचारा, 'नळी आखूड केली तर आवाज जाड होईल की बारीक?' प्रत्येकाचा अंदाज वहीत उतरू द्या. मग एकाने फुंकत राहायचे, जोडीदाराने दुसऱ्या टोकाकडून थोडी थोडी कापत जायचे. आवाज चढत जातो. असे का, यावर मुलांनी पाच-पाचच्या गटात बोलावे. तुम्ही फिरा, ऐका. उत्तर सांगायची घाई करू नका. हेच सर्वांत कठीण आहे. गलका होईल. कामाचा असेल तर होऊ द्या.

शेवटची दहा मिनिटे मात्र तुमची. कंपन, वारंवारता हे शब्द तेव्हा फळ्यावर लिहा. मुले खेळली म्हणजे आपोआप शिकली, हे मला मान्य नाही.

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 साली सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय, पुण्यातले अक्षरनंदन अशा शाळांत असे करून शिकणे वर्षानुवर्षे चालत आले आहे. परवानगी काढून एखादा दिवस तिथे बसा. आणि आवाज चढण्याची तुमच्या मुलांनी कोणती कारणे सांगितली, ते आम्हाला जरूर कळवा.