स्मरण आणि विस्मरण

चष्मा कोठे ठेवला हे पाच मिनिटांत विसरणारे आजोबा शाळेत घोकलेली पावकी आणि निमकी न अडखळता म्हणून दाखवतात. घरातील मंडळींना याचे हसू येते, थोडी काळजीही वाटते. स्मरणशक्ती ही एक पेटी आहे असे मानले, तर हे कोडे सुटत नाही. एकाच पेटीतील जुनी वस्तू शाबूत आणि नवी मात्र नाहीशी, असे कसे व्हावे? पेटीची ही कल्पनाच चुकीची आहे, हे स्पष्ट होण्यास एका रुग्णाचे दुर्दैव कारणीभूत ठरले.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात राहणाऱ्या हेन्री मोलेसन यांना तरुणपणी अपस्माराचे तीव्र झटके येत. औषधांनी गुण येईना. १९५३ मध्ये, त्यांच्या वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकांनी त्यांच्या मेंदूचा कानशिलांच्या आतील बाजूस असलेला काही भाग दोन्हीकडून काढून टाकला. ‘हिप्पोकॅम्पस’ नावाच्या अवयवाचा बराच अंश त्यात गेला. झटके कमी झाले, बुद्धीही पूर्वीसारखीच राहिली; परंतु त्यानंतर हेन्रींच्या मनात नवी आठवण जवळजवळ रुजेचना. नुकतेच जेवण झाले आहे, हे ते विसरत. अनेक वर्षे त्यांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर या त्यांना प्रत्येक भेटीत अनोळखीच वाटत. बालपणीच्या गोष्टी मात्र ते सांगू शकत.

एकदा त्यांना ५८४ हा आकडा लक्षात ठेवण्यास सांगण्यात आले. मनाशी बेरीज-वजाबाकी करीत त्यांनी तो पंधरा मिनिटे धरून ठेवला. लक्ष दुसरीकडे वळताच मिनिटभरात आकडा गेला, आणि तो कसा लक्षात ठेवला होता हेही गेले. याहून नवल पुढेच आहे. आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्याचे अवघड काम मिल्नर यांनी त्यांना सलग तीन दिवस दिले. दररोज हात अधिक सफाईने चालू लागला. पण हे काम आपण पूर्वी केले आहे, याची हेन्रींना जाणीव नव्हती. आपल्या भाषेत ‘लक्षात राहणे’ आणि ‘अंगवळणी पडणे’ असे दोन निराळे शब्दप्रयोग आहेत, ते उगाच नव्हेत. क्षणभर धरून ठेवणे, कायमचे साठवणे आणि हाताला वळण लागणे ही मेंदूची वेगवेगळी कामे आहेत. हेन्रींचे मधले काम तेवढे बंद पडले होते. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आजोबांची गोष्ट इतकी गंभीर नसते. वयोमानाने नवे टिपून घेणे मंदावते, जुने पक्के झालेले टिकते. शिवाय चष्मा ठेवताना मन दुसऱ्याच विचारात असेल, तर त्याची आठवण तयारच होत नाही. तेथे ‘विसरले’ हा शब्दही फारसा अचूक नाही.

नीट पाठ केलेलेही पुसट होते, ते कोणत्या गतीने? हर्मान एबिंगहाऊस या जर्मन अभ्यासकाने निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतःच पाठ करून हे मोजले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या तासाभरातच अर्ध्याहून अधिक गळती झाली. पुढे तिचा वेग मंदावला. महिन्यानंतर तीच यादी पुन्हा पाठ करताना मात्र त्यांना सुमारे एकपंचमांश श्रम कमी पडले. पूर्ण विसरल्यासारखे वाटणारेही मनात काही शिल्लक ठेवते. अनेक वर्षांनी पुस्तक हाती घेणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याने हा आकडा ध्यानात घ्यावा. त्यांनी पाठ केले होते ते निरर्थक होते. अर्थ समजलेला मजकूर याहून चांगला टिकतो.

खरा धोका मात्र विसरण्यात नाही. खात्रीने चुकीचे आठवण्यात आहे. मन आठवण जशीच्या तशी बाहेर काढीत नाही. दर वेळी ती नव्याने जुळवते, आणि जुळवताना नंतर कानी पडलेले शब्दही तीत मिसळतात. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. पन्नास जणांना ‘गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता?’ असे विचारले, आणि दुसऱ्या पन्नास जणांना ‘धडकल्या’ऐवजी ‘चक्काचूर झाला’ या अर्थाचा शब्द वापरून. आठवड्याने फुटलेली काच पाहिल्याचे पहिल्या गटातील ७ जणांनी सांगितले, तर दुसऱ्या गटातील १६ जणांनी. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच.

न्यायालयात अशा आठवणीवर माणसाचे आयुष्य अवलंबून असते. १९८४ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात एका तरुणीवर बलात्कार झाला. हल्लेखोराचा चेहरा तिने मुद्दाम निरखून ठेवला होता. पोलिसांनी दाखवलेल्या छायाचित्रांतून तिने रोनाल्ड कॉटन यांचे छायाचित्र निवडले. पुढे ओळख परेडीत तिने पुन्हा त्यांच्याकडेच बोट दाखवले; छायाचित्रांतील माणसांपैकी तेवढे एकटेच त्या रांगेत होते. ती खोटे बोलत नव्हती. छायाचित्रातील चेहऱ्याने मूळ चेहऱ्याची जागा घेतली होती. कॉटन यांना जन्मठेप झाली. १९८७ च्या फेरसुनावणीत खरा गुन्हेगार तिच्यासमोर आणण्यात आला, तेव्हा या माणसाला आपण कधी पाहिलेले नाही, असे तिने सांगितले. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने कॉटन निर्दोष ठरले. तोपर्यंत त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता.