गोष्टीतलं घर आपलं असू दे

नवागाम, सुरत

चि. भाचीस,

तू पाठवलेली चित्रं सावकाश पाहिली. हात चांगला बसलाय. मुलांच्या पुस्तकांसाठीच चित्रं काढायची असं तू ठरवलंस याचा फार आनंद झाला, म्हणूनच स्पष्ट लिहितो.

गोष्टीतली आजी धुळ्याची, आणि तिच्या घराला धुराडं? मागे बर्फाचे डोंगर? हे घर तू पाहिलेलं नाहीस, त्यामुळे ते चित्रात उभंच राहत नाही. आपली आजी मांडा हातावर फिरवते तेव्हा तो कोपरापर्यंत कसा लोंबतो, चुलीवर पालथं खापर कसं तापलेलं असतं, ते काढ. इकडे आमच्या गल्लीत बायका घरी साड्यांना टिकल्या लावतात. खोलीभर साडी पसरलेली असते आणि पोरगा भिंतीला टेकून अभ्यास करतो, साडीला लागू नयेत म्हणून पाय पोटाशी घेऊन. ते आखडलेले पाय लेखक बहुधा लिहीत नाही. तुझं काम तिथून सुरू होतं. मजकुरात आहे तेच पुन्हा काढलंस तर मूल चित्रावर थांबणार नाही.

माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ मिळवून बघ. त्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकल्या, पुढे पॅरिसलाही शिकून आल्या, पण त्यांच्या चित्रांतली माणसं आणि घरं आपल्या ओळखीची असतात. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. शि. द. फडणीसांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांना चित्रं काढली, तीही शोध. गणिताच्या पानावर मुलाला हसू यावं, ही केवढी मोठी कामगिरी!

आता कसबाचं. मी साड्यांच्या डिझाइनमध्ये आयुष्य काढलं. आमचा बुट्टा एकदा रिपीटमध्ये बसला की अख्ख्या ताक्यावर तसाच चालतो. पुस्तकातल्या मुलीचं तसं नाही. ती प्रत्येक पानावर वेगळी वागणार, तरी तीच वाटली पाहिजे. तुझी मुलगी तिसऱ्या चित्रात दोन वर्षांनी मोठी झालीय. आधी वेगळ्या कागदावर ती समोरून, पाठमोरी, पळताना, रुसलेली अशी काढून घे, मगच पानांना हात लाव. जोडपानाच्या मधोमध चेहरा कधीही घेऊ नकोस, बांधणीत नाक जातं. मजकुराची जागाही आधीच सोड.

पैशाचं तुझ्या आईला मी समजावतो. सुरुवातीला या कामावर घर चालणार नाही, जोडीला दुसरं काम धर. पण करार लेखी हवाच. सांगून करून घेतलेल्या रंगचित्राची मालकी, वेगळं ठरलेलं नसेल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याने काम देणाऱ्याकडे जाऊ शकते. हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. पुस्तकावर तुझं नाव कुठे छापणार, तेही करारात लिहून घे. लाजू नकोस.

आजीचं घर नव्याने काढलंस की सगळी पानं जोडून कच्ची डमी पाठव. उधना-जळगाव लाइनवरून आपलं कोणी ना कोणी इकडे येतच असतं. इथल्या महापालिकेच्या मराठी शाळेतल्या मुलांच्या हातात ती देतो. मुलं कुठल्या पानावर बोट ठेवतात आणि कुठलं न बघताच उलटतात, ते तुला पानवार लिहून कळवीन.

तुझा
मामा