नोकरीचा शेवटचा हिशेब

नोकरी कशी मिळवावी, याविषयी महाविद्यालयात पुष्कळ बोलले जाते. ती संपताना काय होते, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. बेळगावचे कित्येक विद्यार्थी शिक्षण संपवून उद्यमबागेतील फाउंड्रीत वा यंत्रशाळेत कामाला लागतात. त्यांच्यापैकी कोणापुढे तरी एखाद्या दिवशी एक कागद येईल आणि 'येथे सही करा' असे सांगण्यात येईल. त्या सहीची किंमत काय, हे प्रस्तुत लेखात मला मांडावयाचे आहे.

शिस्तभंगाची शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कोणत्याही कारणाने मालकाने कामगारास कामावरून दूर केले, तर कायदा त्याला 'कपात' म्हणतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात प्रारंभी कपातीच्या भरपाईची तरतूद नव्हती. ती १९५३ च्या दुरुस्तीने आली. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. मूळ तत्त्व मात्र कायम आहे. एक वर्ष अखंड सेवा झालेल्या कामगारास कपातीची कारणे देऊन एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तितका पगार द्यावा लागतो. सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. आणि सरकारला कळवावे लागते. तीनशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यास सरकारची पूर्वपरवानगीही लागते.

ही भरपाई केव्हा द्यावयाची? या प्रश्नाचे उत्तर १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्य विरुद्ध हॉस्पिटल मजदूर सभा या खटल्यात दिले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील दोन वॉर्ड-नोकरांना भरपाई न देताच कमी करण्यात आले होते. निकालपत्र न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे. त्यांचे घराणे मूळचे आपल्या शेजारच्या गजेंद्रगडचे, आणि ते स्वतः काही काळ धारवाडच्या कर्नाटक कॉलेजचे विद्यार्थी. भरपाई ही कपातीची पूर्वअट आहे. ती पाळली नसेल तर कपातच अवैध ठरते, असा तो निर्णय होता. म्हणजे 'आज जा, पैसे पुढे बघू' असे मालकाला म्हणता येत नाही. अलीकडे अशा प्रकरणांत न्यायालये पुष्कळदा कामगारास पुन्हा कामावर घेण्याऐवजी एकरकमी भरपाई देववितात, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता एक उदाहरण घेऊ. एका कामगाराचे कायद्याच्या व्याख्येत बसणारे मासिक वेतन १८,००० रुपये आहे आणि सेवा बारा वर्षे सात महिने झाली आहे. सहा महिन्यांहून अधिक असलेला भाग पूर्ण वर्ष धरला जातो. म्हणून सेवा तेरा वर्षे. नोटिशीऐवजी पगार १८,००० रुपये. कपातीची भरपाई ९,००० गुणिले तेरा, म्हणजे १,१७,००० रुपये. ग्रॅच्युइटीसाठी महिन्याचे २६ दिवस धरतात. त्यामुळे पंधरा दिवसांचा हिशेब करता ती १,३५,००० रुपये होते. एकूण २,७०,००० रुपये. राहिलेला पगार व शिल्लक रजेचा मोबदला वेगळा. शिवाय नव्या संहितेनुसार पुनर्कौशल्य निधीसाठी मालकाने पंधरा दिवसांचे वेतन भरावयाचे असून ते कामगाराच्या खात्यात जमा होते.

समजा, याच कामगाराने मालकाच्या सांगण्यावरून राजीनाम्यावर सही केली. कायद्याच्या दृष्टीने मग ती कपात राहत नाही. पाच वर्षांहून अधिक सेवा असल्याने ग्रॅच्युइटी मिळेल. पण नोटिशीचा पगार आणि भरपाई मिळून १,३५,००० रुपये, म्हणजे बरोबर निम्मी रक्कम, त्या एका सहीने जाईल. ती सही दडपणाखाली घेतली, हे पुढे सिद्ध करता येते. परंतु सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर पडते आणि त्यात वर्षे जातात.

याचा अर्थ प्रत्येक तडजोड वाईट, असे मुळीच नव्हे. स्वेच्छानिवृत्तीची योजना खरोखर फायद्याची असू शकते. मात्र तिच्यात देऊ केलेली रक्कम वरीलप्रमाणे काढलेल्या आकड्याशी ताडून पाहावी. ग्रॅच्युइटी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तो करारात लिहून सोडता येत नाही. 'पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला' या वाक्याखाली, आकडे कोरे असताना, कधीही सही करू नये. कागदाची प्रत मागून घ्यावी. थकलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी तीस दिवसांत मिळाली पाहिजे.

अध्यापकवर्गाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शिक्षक हा औद्योगिक कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरविले. त्यामुळे वर सांगितलेली कपातीची भरपाई आपणांस लागू नाही. ग्रॅच्युइटी मात्र २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांनाही, ३ एप्रिल १९९७ पासून, लागू झाली.

नोकरीतून जाताना मिळणारी ही रक्कम पुष्कळांना मालकाची मेहेरबानी वाटते. माझ्या मते सारा घोटाळा येथूनच सुरू होतो. मेहेरबानी मिळेल तेवढी घ्यावयाची असते. हक्काचा हिशेब करावयाचा असतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील कमावत्या माणसाचा असा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. त्याला तो कदाचित प्रथमच कळेल.